पहिल्या चिकाच्या आधी

घरामागच्या मोकळ्या जागेत डुकरं पाळायची ही कल्पना धाकटीची. थोरलीने ती आधी उडवून लावली, मग तिच्यातल्या उणिवा काढल्या, आणि शेवटी स्वतःच फावडं घेऊन जागा साफ करायला लागली. दोघी जावा. थोरलीचा नवरा मालट्रक चालवायचा, धाकटीचा जहाजावर होता. दोघेही पाहुण्यासारखे यायचे आणि पाहुण्यासारखे जायचे. घर काय, शेड काय, सगळं या दोघींच्या जिवावर.

शेड साधीच होती. पत्र्याचं छप्पर, उताराची सिमेंटची जमीन, कमरेइतक्या भिंतींचे कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात डुकराने नाकाने दाबला की पाणी सोडणारा एक छोटा नळ. थोरली फटकळ होती आणि कामाला वाघ. तिच्या तोंडून "ठीक आहे" एवढं निघालं तरी धाकटी ते कौतुक समजायची. धाकटी मात्र बडबडी. तिने प्रत्येक डुकरिणीला नाव ठेवलं होतं. सगळ्यांत मोठ्या करड्या डुकरिणीचं नाव मावशी, कारण कप्प्यात कुणीही आलं की ती आधी हुंगून हुंगून त्याची चौकशी करायची आणि मग नापसंती दाखवत पाठ फिरवायची.

काही वर्षं बरी गेली. मग शेडमध्ये ताप शिरला.

डुकरांचा हा ताप माणसाला होत नाही, पण डुकराला तो सोडत नाही. तो कुणाच्या बुटाला चिकटून आला की खाद्याच्या गाडीच्या चाकाला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. आधी मोठ्या डुकरिणी पडल्या. काही गेल्या, काही उठल्या. मावशी उठलेल्यांपैकी. कितीतरी दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. थोरलीने तिची आशा सोडली होती. एका सकाळी झाडू मारताना मागून नळाचा टकटक आवाज आला. वळून बघते तर मावशी उभी. पाय लटपटत होते, पण नळ दाबून पाणी पीत होती आणि थोरलीकडे असं बघत होती, जणू उशीर थोरलीनेच केला.

दोघींना वाटलं, संकट टळलं. पण ताप गेला नव्हता, दबा धरून बसला होता. आता तो पिल्लांवर आला.

पिल्लं जन्मताना ठणठणीत असायची. अंगावर पिईपर्यंत गुटगुटीत. दूध तोडलं की काही आठवड्यांत त्यांच्यातलं एखादं खायला पुढे यायचं नाही. मग दुसरं. ऐन उन्हात कडाक्याची थंडी पडल्यासारखी ती एकमेकांवर ढीग करून पडायची. डोळे चिकटायचे. चालताना मागचे पाय एकमेकांत अडकायचे. कान आधी लाल, मग जांभळे. त्यानंतर फार वाट बघावी लागायची नाही.

आणि हे सगळं लस टोचलेली असूनसुद्धा. थोरलीला तेच खात होतं. लवकर टोचून बघितली, उशिरा टोचून बघितली. कधी अर्धी वाचायची, कधी एकही नाही.

"आता बास," ती एकदा खड्ड्यावर माती लोटून आल्यावर हात धूत म्हणाली. "मावशीच्या पोटात आहेत तेवढी होऊ देत. हे वेत शेवटचं. मग सगळं विकून टाकायचं. मी ह्यांना फोनवर सांगितलंय गिऱ्हाईक बघायला."

धाकटी काही बोलली नाही. धाकटी काही बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे थोरलीलाही कळलं.

त्याच सुमाराला जनावरांच्या दवाखान्यात नवे डॉक्टर आले. अंगाने आडवे, पण हात एखाद्या शाळकरी मुलीचे असावेत इतके लहान. जनावरांशी ते अहोजाहो करून बोलत. पहिल्यांदा शेडमध्ये आले तेव्हा बूट औषधाच्या पाण्यात बुडवून, कप्प्याचं फाटक उघडून म्हणाले, "अहो मावशी, जरा सरकता का?" मावशीने त्यांना हुंगलं आणि चक्क सरकली. धाकटीने तोंडावर हात धरून हसू दाबलं. थोरलीने कपाळाला आठ्या घातल्या.

डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. कोण कधी आजारी पडलं, लस कधी टोचली, कोणत्या डुकरिणीची पिल्लं आधी गेली. मग उलट्या बादलीवर बसले.

"मावशींना ताप येऊन गेला आणि त्या वाचल्या," ते म्हणाले. "म्हणजे त्यांच्या रक्ताला आता हा चोर तोंडपाठ झालाय. त्याला ओळखणारे पहारेकरी त्यांच्या अंगात फिरत असतात."

"मग पोटातल्या पोटात पोरांनाही मिळत असतील की," धाकटी म्हणाली.

"माणसाच्या बाळाला मिळतात. डुकराच्या पिल्लाला नाही. वारेतून यातलं काहीच पलीकडे जात नाही. पिल्लू जन्मतं ते अगदी रिकाम्या हातांनी. आई सगळी शिदोरी चिकात बांधून ठेवते. जन्मल्यावर पहिला चीक पोटात गेला की तो आतड्यातून थेट रक्तात उतरतो. पण ते दार दिवसभरच उघडं असतं. दुसऱ्या दिवशी मिटायला लागतं, आणि मिटलं की कायमचं."

थोरली झाडूच्या दांड्यावर हनुवटी टेकून ऐकत होती. इतकी वेतं तिने हातांनी काढली होती. त्या प्रत्येक पिल्लात एक दार होतं आणि ते तिच्यासमोर मिटलं होतं, हे तिला आज कळत होतं.

"एवढी शिदोरी आहे तर मरतात कशी?" तिने विचारलं.

"कारण ते पहारेकरी उसने आहेत. काही आठवडे टिकतात, मग एकेक करून संपतात. आणि ते आहेत तोवर आपण लस टोचली, तर ते तिलाच चोर समजून बदडून काढतात. लस म्हणजे तरी काय हो, त्याच चोराचा दात पाडलेला भाऊ. चेहरा तोच. तो आत पोचायच्या आधीच मारला जातो, आणि पिल्लाच्या स्वतःच्या अंगाला काही शिकायलाच मिळत नाही. लवकर टोचा, आईचा चीक लस मारतो. उशिरा टोचा, ताप आधी पोचतो. एरवी या दोन्हींच्या मध्ये एक फट सापडते. तुमच्या शेडमध्ये ताप रोज दाराशीच उभा आहे, त्यामुळे फटच उरत नाही."

"म्हणजे आईची मायाच आड येते," धाकटी हळूच म्हणाली.

"माया तिचं काम करते. आपली वेळ चुकते." डॉक्टरांनी गुडघे चोळले. "एक वाट आहे. जन्मलं की लगेच टोचायचं. तोंडात चिकाचा थेंब जायच्या आधी. तेव्हा रक्तात कुणी पहारेकरी नसतो, लसीला अडवणारं कुणी नसतं. मग तासाभराहून थोडा जास्त वेळ धीर धरायचा, लस अंगात रुजू द्यायची, आणि मग आईकडे सोडायचं."

थोरली ताठ झाली. "जन्मलेल्या जिवाला आईच्या आधी सुई?"

"हो."

"आणि उपाशी ठेवायचं?"

"तेवढा वेळ."

"तुम्ही केलंय हे?"

"दोनतीनदा. पण निरोगी शेडमध्ये. ताप असलेल्या शेडमध्ये कधी नाही. इतरांनी केल्याचं वाचलंय. जमेलच असं मी छातीठोक सांगणार नाही."

थोरलीने झाडू भिंतीला टेकवला. छातीठोक सांगितलं असतं तर तिने तिथल्या तिथे नमस्कार करून वाटेला लावलं असतं.

"शेवटचंच वेत आहे," ती म्हणाली. "करून बघू."

मावशीने मुहूर्त निवडला तो भर सकाळचा. न्याहारीच्या वेळी धाकटी पेंढा घालायला गेली, तर मावशी तोंडात पेंढ्याची जुडी धरून कोपऱ्यात नेत होती, नाकाने सारखी करत होती, पुन्हा दुसरी आणत होती. सड टम्म फुगले होते. धाकटीने तिथूनच हाक मारली आणि थोरलीने दवाखान्यात फोन लावला.

डॉक्टर बर्फाचा डबा घेऊन आले. डब्यात बोटाएवढी एक कुपी. तिच्या तळाशी साखरेच्या पापुद्र्यासारखं काहीतरी पांढरं.

"हीच का ती?" थोरलीने विचारलं. एवढ्याशा वस्तूवर सगळा डाव लावला आहे हे तिला खरं वाटेना.

"हीच. आत्ता झोपली आहे. पाणी घातलं की जागी होते, आणि जागी झाली की तिचं आयुष्य थोडं. म्हणून पहिलं पिल्लू बाहेर येईपर्यंत मी हिला हात लावणार नाही."

कामं वाटून घेतली. धाकटी मावशीच्या मागे बसणार, पिल्लू हातात घेणार, तोंडनाक पुसणार, नाळ आयोडीनमध्ये बुडवणार. डॉक्टर टोचणार. आणि थोरलीने पिल्लं सांभाळायची. फाटकाबाहेर एक मोठं लाकडी खोकं ठेवलं होतं, तळाला पेंढा, वर लाल दिवा. एकाही पिल्लाने त्या खोक्यातून निसटून आईला गाठता कामा नये.

मावशी कुशीवर झाली. तिच्या पोटावरून एक लाट सरकत गेली, शेपटी थरथरली, आणि पहिलं पिल्लू पेंढ्यावर घसरून पडलं.

थोरलीने शेकड्यांनी पिल्लं जन्मताना पाहिली होती. पण पाहिली म्हणजे काय, तर एका हाताने पुसलं, दुसऱ्या हाताने आईच्या पोटाला लावलं, पुढचं घेतलं. आज पहिल्यांदाच तिच्याकडे नुसतं बघत राहण्याचं काम होतं.

पिल्लू क्षणभर निपचित पडलं. मग शिंकलं. डोळे उघडेच होते. अंगावरचा पातळ पडदा ओला चमकत होता, आणि कातडी इतकी नितळ की खालच्या निळ्या रेषा दिसाव्यात. ते चारही पाय पसरून उठलं, पडलं, पुन्हा उठलं, आणि वळलं. जन्मून अजून अंग वाळलं नव्हतं, आणि ते आईच्या मागच्या पायाला वळसा घालून, पोटाला नाक लावून, बरोबर सडांच्या दिशेने चालू लागलं.

"ह्याला कुणी सांगितलं?" थोरली पुटपुटली. तिने तो प्रश्न आजवर कधी विचारला नव्हता.

"धरा त्यांना, धरा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कुपीत पाणी सोडलं, ती हळू हळू फिरवली. पांढरा पापुद्रा विरघळला, कुपी पुन्हा निर्मळ दिसू लागली, जणू आत काही नाहीच. धाकटीने पिल्लू उचलून धरलं. डॉक्टरांच्या लहानशा बोटांनी कानामागची मऊ जागा चाचपली. सुई गेली आणि आली. पिल्लू एकदाच किंचाळलं. मावशीने मान उचलून एक दीर्घ घुरघुर केली.

"झालं हो बाई, झालं," डॉक्टर मावशीला म्हणाले.

थोरलीने पिल्लू छातीशी घेतलं. ओंजळीत मावावं एवढं अंग, आणि त्यात काळीज असं धडधडत होतं की तिच्या मनगटाला ठोके लागत होते.

"या घटकेला त्यांच्या रक्तात काहीच नाही," डॉक्टर पुढची सुई भरता भरता म्हणाले. "ना आईचं काही, ना जगाचं. एवढं कोरं ते पुन्हा आयुष्यात कधी असणार नाहीत."

पुढची पाठोपाठ आली. एक उलटं आलं, पायांकडून, पण सुखरूप. एक इतकं दांडगं की हातातून निसटून थेट सडाजवळ पोचलं. तोंड उघडून ते सड पकडणार, तोच थोरलीने त्याला मागचा पाय धरून ओढलं. "थांब रे भामट्या," ती म्हणाली. धाकटीने मान वर करून पाहिलं. थोरली डुकराशी बोलली होती.

सगळ्यांत शेवटी आलं ते अगदी लहान, पिवळट, आणि हललंच नाही.

धाकटीने त्याच्या तोंडातला चिकटा बोटाने काढला, पेंढ्याने पाठ खसाखसा चोळली. काही नाही. थोरलीने ते तिच्या हातातून घेतलं, डोकं खाली करून झटकलं, पुन्हा चोळलं, त्याच्या नाकावर फुंकर घातली. बऱ्याच वेळाने त्याची छाती एकदा वर आली. मग थांबली. मग पुन्हा आली.

"आहे," ती म्हणाली. "पण गार पडलंय. ह्याच्याने खोक्यात थांबवणार नाही. ह्याला आत्ता पोटात काहीतरी हवं."

डॉक्टरांच्या हातात सुई तयार होती. त्यांनी पिल्लाकडे पाहिलं, कुपीकडे पाहिलं.

"चीक दिला तर लस देता येणार नाही," ते म्हणाले. "दिली तरी फुकट."

"आणि लस देऊन थांबवलं तर?"

"तर कदाचित लस लागेल, आणि पिल्लू नसेल."

थोरलीने फार विचार केला नाही. ती मावशीच्या पोटाशी बसली, सड दाबून तळहातावर चीक घेतला. दाट, पिवळा, मधासारखा ओघळणारा. करंगळी त्यात बुडवून तिने पिल्लाच्या तोंडात घातली. पहिल्यांदा तो बाहेर ओघळला. दुसऱ्यांदा जीभ हलली. आणि मग तिच्या करंगळीला एक बारीकशी ओढ लागली.

"जे आज पाहिजे ते आज," डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. "यांचं पुढे बघू." त्यांनी पिल्लाच्या पाठीवर औषधाच्या निळ्या रंगाचा एक पट्टा ओढला आणि ते मावशीच्या पोटाशी ठेवलं. धाकटीने त्याचं नाव तिथल्या तिथे ठेवून टाकलं. शेंडेफळ.

मग सुरू झालं ते थांबणं.

कसोटी पाहणारा असा वेळ थोरलीने कधी काढला नव्हता. खोक्यात पिल्लं आधी गप्प होती, मग एकाने सूर धरला, मग सगळ्यांनी. फळीला नाकं लावून, सगळी एकाच बाजूला, आईच्या बाजूला. खोकं फिरवून ठेवलं तर तीही फिरली. फाटकापलीकडून मावशी त्यांना बोलावत होती. खोल, एका लयीत, न थकता. तिने घुरघुर केली की इकडे कालवा वाढायचा. कालवा वाढला की तिची घुरघुर वाढायची.

धाकटीला ते ऐकवेना. तिची लेक वेळेआधी झाली होती, आणि कितीतरी दिवस तिला काचेच्या पेटीतच बघावं लागलं होतं. "मी पाणी तापवून आणते," म्हणून ती गेली ती बराच वेळ आली नाही. थोरलीने तिला हाक मारली नाही.

ती खोक्याजवळ बसून राहिली. हात आत घातला. सगळी नाकं तिच्या बोटांवर आली, ओली, गरम, शोधत. त्यांना तिच्याकडून जे हवं होतं ते तिच्याकडे नव्हतं. तिला वाटलं, आपण एका दाराच्या मध्ये बसलो आहोत. एकीकडे आई, तिच्या अंगात आजाराची सगळी आठवण. दुसरीकडे ही, ज्यांना अजून काहीच आठवत नाही. आणि मध्ये ती कुपीतली, न दिसणारी वस्तू या एवढ्याशा अंगांमध्ये कुठेतरी काहीतरी करते आहे. करते आहे का? तिने एक पिल्लू उचलून दिव्याखाली धरलं. कातडीतून उजेड आरपार जात होता. आत काय चाललं आहे ते मात्र दिसत नव्हतं.

"डॉक्टर, कळतं का हो ह्यांना काही?"

"यांना नाही. यांच्या अंगाला कळतं."

शेवटी डॉक्टरांनी मान डोलावली. थोरलीने खोकं फाटकाच्या आत नेऊन आडवं केलं.

पिल्लं सांडली म्हणावं तशी बाहेर पडली. एकमेकांवरून, शेंडेफळाच्या अंगावरून, पेंढ्यातून धडपडत. मावशी पाय सैल सोडून पडली होती. प्रत्येकाने सड धरला, सोडला, शेजाऱ्याला ढकललं, दुसरा धरला. मग मावशीची घुरघुर बदलली. आधी संथ होती ती जलद झाली, अगदी जलद, आणि त्याबरोबर सगळा दंगा एकदम थांबला. सगळी तोंडं जागच्या जागी स्थिर झाली, कान मागे गेले, आणि पान्हा आला. शेडमध्ये फक्त घोट घेतल्याचा आवाज.

धाकटी दारात येऊन उभी होती. डॉक्टरांनी टोपी काढून हातात घेतली होती, आणि ती आपण का काढली हे त्यांना तरी माहीत होतं की नाही कोण जाणे.

पुढचे आठवडे बरे गेले. पिल्लं वाढली. शेंडेफळही वाढलं, इतरांपेक्षा लहानच, पण चपळ. डॉक्टरांनी त्याला पुढे अंदाजाने वेळ साधून लस टोचली, आणि "लागली तर लागली" एवढंच म्हणाले. दूध तोडलं. सगळी भावंडं एका कप्प्यात ठेवली.

आणि मग पलीकडच्या रांगेत, मावशीच्या आधी व्यालेल्या दुसऱ्या डुकरिणीच्या पिल्लांमध्ये, एक खायला आलं नाही.

थोरलीला बघताक्षणी कळलं. पलीकडचा कप्पा तिने वेगळा पाडला, बूट बदलले, झाडू बदलला, बादल्या बदलल्या. तरी ती मनात म्हणत होती, हे पत्र्याचं एकच छप्पर, हीच हवा, ह्याच माश्या. कशाला अडवतेस?

काही दिवसांनी सकाळी ती मावशीच्या पिल्लांचं खाद्य घेऊन गेली, तर पिल्लं ढीग करून पडलेली.

बादली तिच्या हातातून सुटली. त्या आवाजाने ढीग हलला. एक उठलं, मग दुसरं, मग सगळी, आळस देत, नाकं फुरफुरवत, सांडलेल्या खाद्याकडे धावत. तळाशी एकच उरलं. पाठीवरचा निळा पट्टा कधीच पुसला गेला होता, पण ओळखायला पट्ट्याची गरज नव्हती. शेंडेफळाचे कान जांभळे होते. डोळे चिकटले होते. आणि रात्रभर बाकी सगळी त्याच्या अंगावर, त्याच्या नाकाला नाक लावून, त्याचा श्वास घेत झोपली होती.

डॉक्टर धावत आले. शेंडेफळाला अवजारांच्या खोलीत हलवलं. मग त्यांनी प्रत्येक पिल्लाचा ताप मोजला. थोरली धरायची, ते थर्मामीटर लावायचे, वाचायचे, पुढचं घ्यायचे. शेवटचं झाल्यावर ते म्हणाले, "आज नाही कुणाला. पण आज नसणं पुरेसं नाही. आठवडाभर तरी बघायला हवं. दोन आठवडे."

तितके दिवस थोरली डोळ्यांत तेल घालून बसली. शेंडेफळाला ती चमच्याने पाणी पाजायची, मग अंग धुऊन, कपडे बदलून भावंडांकडे जायची. त्याने तिची करंगळी ओळखली होती असं तिला वाटायचं. ते गेलं एका दुपारी, तिचा हात त्याच्या मानेखाली असताना. दोघींनी लांब, खोल खड्डा घेतला, चुना घातला. धाकटी रडली. थोरलीने माती दाबली आणि म्हणाली, "इतके आठवडे धावलं, खेळलं. त्या दिवशी चीक दिला नसता तर तेही नसतं."

"तुला वाईट नाही वाटत, ताई?"

"वाटतं ग. पण चुकलं असं नाही वाटत."

पलीकडच्या कप्प्यातली एकामागून एक जात राहिली. पण मावशीच्या पिल्लांमध्ये कुणी खायचं थांबलं नाही. कुणाचे पाय अडखळले नाहीत. डॉक्टर पुन्हा पुन्हा येत, ताप मोजत, कानांच्या कडा बोटांनी चाचपत. शेवटच्या खेपेला त्यांनी सगळी तपासली, थर्मामीटर पुसून खिशात ठेवला, आणि कप्प्यातच भिंतीला टेकून खाली बसले. पिल्लं त्यांच्या बुटांच्या नाड्या ओढू लागली.

"काय झालं?" धाकटीने घाबरून विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "यांना काहीच झालं नाही. आजाऱ्याच्या कुशीत झोपले हो हे. मी स्वतः बघितलं नसतं तर कुणाला सांगायला धजलो नसतो."

ते गेल्यावर थोरली कप्प्यात एकटीच उभी राहिली. दुपारचं ऊन पत्र्याच्या फटीतून पट्ट्यापट्ट्यांनी खाली आलं होतं, आणि पिल्लं पोटं भरून त्यात आडवी झाली होती. आईचे पहारेकरी आता त्यांच्यात उरले नसतील. जे उभं होतं ते त्यांचं स्वतःचं होतं. त्या खोक्यात, भुकेने ओरडत असताना, त्यांची अंगं ते शिकली होती. तिच्या डोळ्यांदेखत शिकली होती, ती हात आत घालून बसली असताना, आणि तिला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. इतकी मोठी गोष्ट इतकी गुपचूप होते, याचं तिला काही केल्या नवल आवरेना.

घरात फोन वाजला. धाकटीने उचलला आणि दारातून हाक मारली. "ताई, भाऊजी विचारतायत, गिऱ्हाईक मिळालंय, तर पाठवू का म्हणून."

एक पिल्लू थोरलीच्या पायावर डोकं ठेवून झोपलं होतं, आणि तिला पाय काढावासा वाटत नव्हता.

"त्यांना म्हणावं, उगाच कुणाला हेलपाटा नको," ती म्हणाली. "आणि डॉक्टरांना विचार, एका वेळी दोन डुकरिणी व्यायल्या तर कुप्या किती लागतील."